“पगार” चालवून पाहू
एका स्पॅनिश क्रियापदाची मराठी व्याकरणाच्या आधारे ओळख

पगार हा शब्द मराठीत इतका मुरून गेला आहे की, तो मुळात परका आहे असे सांगितल्यास अनेकांना नवल वाटावे. सरकारी कचेरीपासून साखर कारखान्यापर्यंत असंख्य कुटुंबांच्या महिन्याचा हिशेब या शब्दाभोवती फिरत असतो. पण हा शब्द संस्कृतातून आलेला नाही आणि फारसीतूनही नाही. तो पोर्तुगीज भाषेतून आला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि १९६१ च्या डिसेंबरात त्यांची सत्ता तेथून गेली. या साडेचारशे वर्षांच्या शेजारात पाव, बटाटा, काजू, चावी, बादली असे कितीतरी शब्द कोकणातून घाट चढून देशावर आले. या शब्दांत “पगार” मात्र वेगळा आहे. बाकीची सारी वस्तूंची नावे आहेत, तर “पगार” हे त्या भाषेत नाम नसून क्रियापद आहे. “पैसे देणे”, “फेडणे”, “चुकते करणे” हा त्याचा अर्थ. मराठीने त्याला उचलले, नाम बनविले आणि “पगार झाला”, “पगार वाढला” असे आपल्या पद्धतीने वापरले.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश या लॅटिनच्या पोटी जन्मलेल्या सख्ख्या बहिणी. त्यामुळे हेच क्रियापद याच अर्थाने स्पॅनिशमध्येही आहे आणि तेथे त्याचा उच्चार “पागार” असा होतो. लॅटिनमधील त्याच्या मूळ धातूचा अर्थ “शांत करणे” असा आहे. देणे चुकते केले की धनको शांत होतो, हा अनुभव दोन हजार वर्षांपूर्वीही आजच्यासारखाच असला पाहिजे.

स्पॅनिश ही सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा आणि वीस देशांच्या राज्यकारभाराची भाषा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांतही तिची गणना होते. व्यापार, पर्यटन, भाषांतर, परराष्ट्र सेवा अशा अनेक क्षेत्रांत तिचा उपयोग असल्याने आपल्याकडील तरुणांचे लक्ष तिच्याकडे वळू लागले आहे. परंतु शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरसारख्या ठिकाणी मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या मनात एक शंका हमखास असते. आपले इंग्रजीच जेमतेम, तेव्हा तिसऱ्या परक्या भाषेच्या वाटेला कशाला जावे? ही शंका निराधार आहे, हे “पगार” या एकाच क्रियापदाच्या साहाय्याने दाखवून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

इंग्रजीचा वळसा

स्पॅनिशची बहुतेक पाठ्यपुस्तके आपल्याला इंग्रजीतून मिळतात. इंग्रजीत फेडणे या अर्थाच्या क्रियापदाची रूपे पे, पेज, पेड आणि पेइंग एवढी चारच. त्यामुळे इंग्रजीतून येणाऱ्या विद्यार्थ्यासमोर स्पॅनिशची चाळीस-पन्नास रूपे उभी राहिली की, तो गांगरून जातो. मराठी विद्यार्थ्याने गांगरण्याचे कारण नाही. फेडतो, फेडतोस, फेडता, फेडतात, फेडीन, फेडशील, फेडाल, फेडावे, फेडो ही रूपे तो शाळेत जाण्यापूर्वीपासून बिनचूक वापरीत आला आहे.

इतकेच नव्हे, तर इंग्रजीच्या वळशाने गेल्यास तीन भेद वाटेतच हरवतात. इंग्रजीचा “यू” हा “तू” आणि “तुम्ही” यांतील फरक पुसून टाकतो. “पेड” हे एकच रूप “त्याने काल फेडले” आणि “तो दरमहा फेडी” या दोन्ही अर्थांवर पांघरूण घालते. “फेडावे” या रूपातील इच्छा, अपेक्षा आणि कर्तव्य यांची छटा इंग्रजी क्रियापदाच्या अंगात सहसा दिसत नाही. हे तिन्ही भेद स्पॅनिशमध्ये आहेत आणि तिन्ही मराठीतही आहेत. मग मराठीतून सरळ स्पॅनिशकडे जाण्याची वाट अधिक जवळची नाही काय?

धातू, प्रत्यय आणि आघात

मराठीत “फेडणे” या क्रियापदातील “णे” काढला की “फेड” हा धातू उरतो. स्पॅनिशमध्ये “पागार” मधील “आर” काढला की “पाग्” हा धातू उरतो. स्पॅनिश क्रियापदे आर, एर आणि ईर या तीन अंत्यांची असतात. “कोमेर” म्हणजे खाणे, “बीबीर” म्हणजे जगणे किंवा राहणे. यांतील “आर” वर्ग सर्वांत मोठा असून “पागार” हा त्याचा नियमाने चालणारा प्रतिनिधी होय.

येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावयास हवी. मराठीत अक्षरावरील आघाताने शब्दाचा काळ बदलत नाही; स्पॅनिशमध्ये तो बदलतो. म्हणून ज्या अक्षरावर जोर द्यावयाचा, त्याच्यापुढे आपण या लेखात (’) अशी खूण करू. “पा’गो” म्हणजे “मी फेडतो” आणि “पागो’” म्हणजे “त्याने फेडले”. अक्षरे तीच, पण जोर सरकताच काळही बदलला आणि फेडणाराही बदलला. हिशेबाच्या बाबतीत हा फरक साधा म्हणता येणार नाही!

वर्तमानकाळ

यो (मी) : पा’गो — मी फेडतो
तू (तू) : पा’गास — तू फेडतोस
एल, ए’य्या (तो, ती) : पा’गा — तो फेडतो, ती फेडते
नोसो’त्रोस (आम्ही) : पागा’मोस — आम्ही फेडतो
बोसो’त्रोस (तुम्ही) : पागा’इस — तुम्ही फेडता
ए’य्योस (ते) : पा’गान — ते फेडतात

या कोष्टकात काही ओळखीचे चेहरे दिसतात. स्पॅनिशमधील “तू” आणि मराठीतील “तू” यांत उच्चाराचाही फरक नाही. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले असेल, त्यांनी पठसि, पठामः, पठन्ति ही रूपे आठवावीत आणि त्यांच्याशेजारी पागास, पागामोस, पागान ठेवून पाहावीत. द्वितीय पुरुषाचा “स”, प्रथम पुरुषी अनेकवचनाचा “म” आणि तृतीय पुरुषी अनेकवचनाचा “न” दोन्हीकडे जागच्या जागी आहेत. हा योगायोग नव्हे. संस्कृत आणि लॅटिन या एकाच भाषाकुलातील असल्याने हे प्रत्यय दोघींना एकाच वडिलार्जित ठेव्यातून मिळाले. मराठीचा “फेडतोस” मधील “स” हा त्याच ठेव्याचा अवशेष आहे. हा “स” स्पॅनिशमध्ये जवळजवळ सर्व काळांत “तू” ची खूण म्हणून भेटतो, म्हणून तो एकदा ओळखला की अर्धे काम झाले.

दुसरी ओळखीची गोष्ट म्हणजे सर्वनाम गाळण्याची सवय. “येतोस का?” असे म्हटले की, “तू” म्हणावा लागत नाही, कारण प्रत्ययानेच पुरुष कळतो. स्पॅनिशमध्येही तसेच आहे. “पा’गो” एवढे पुरे. “यो पा’गो” म्हटल्यास “मीच फेडतो” असा ठसा उमटतो.

तू, तुम्ही आणि आपण

मोठ्या माणसाला “तू” म्हणणे स्पॅनिशमध्येही बहुतेक ठिकाणी प्रशस्त समजले जात नाही. तेथे “उस्ते’द” हे आदरार्थी सर्वनाम वापरतात. “आपली कृपा” अशा अर्थाच्या दोन शब्दांची झीज होऊन ते तयार झाले. समोरच्या व्यक्तीला थेट संबोधण्याऐवजी तिच्या कृपेला संबोधावयाचे, म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी ठेवावयाचे, ही त्यामागील रीत. “उस्ते’द पा’गा” म्हणजे “आपण फेडता”. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा प्रकार चमत्कारिक वाटतो. मराठी माणसाला मात्र “महाराजांनी यावे”, “सरकारांनी बसावे” हा संस्थानी थाट ठाऊक आहे. समोर बसलेल्या माणसाविषयी तृतीय पुरुषात बोलून आदर दाखविण्याची ही पद्धत विशाळगडच्या जहागिरीचे ठाणे असलेल्या मलकापुरास नवी नसावी.

“बोसो’त्रोस” चा वापर मुख्यत्वे स्पेनमध्ये होतो. मेक्सिकोपासून चिलीपर्यंत अमेरिका खंडातील देशांत त्याऐवजी “उस्ते’देस” म्हणतात आणि त्याला “पा’गान” हे रूप लावतात. म्हणजे तेथील विद्यार्थ्याला सहाऐवजी पाचच रूपे पुरतात.

दोन भूतकाळ

इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी येथे सर्वांत अधिक अडखळतात आणि मराठी विद्यार्थ्याला येथेच सर्वांत अधिक लाभ होतो.

स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन आहेत. घडून संपलेली, हिशेबात नोंदता येईल अशी क्रिया पहिल्याने सांगतात. त्याची रूपे अशी:

पागे’, पागा’स्ते, पागो’, पागा’मोस, पागा’स्तेइस, पागा’रोन

दुसरा भूतकाळ वारंवार घडणारी किंवा चालू असलेली क्रिया सांगतो:

पागा’बा, पागा’बास, पागा’बा, पागा’बामोस, पागा’बाइस, पागा’बान

आपल्या वैयाकरणांनी रूपांतील प्रत्ययांवरून आख्याते ठरविली आहेत. “फेडला, फेडली, फेडले” हे लाख्यात आणि “फेडी” हे ई-आख्यात. लाख्यात साधा भूतकाळ दाखविते, तर ई-आख्यात रीतिभूतकाळ दाखविते. “त्याने काल हप्ता फेडला” आणि “तो दरमहा हप्ता फेडी” या दोन वाक्यांत जो फरक आहे, तोच “पागो’” आणि “पागा’बा” यांत आहे. आज बोलण्यात आपण “फेडी” ऐवजी “फेडीत असे” किंवा “फेडायचा” म्हणतो. पण जुन्या कथा, बखरी आणि ओव्या ज्यांच्या कानांवरून गेल्या आहेत त्यांना करी, म्हणे, जाई ही रूपे परकी नाहीत. “फेडीत होता” हा अपूर्ण भूतकाळही स्पॅनिशमध्ये “पागा’बा” नेच भागविता येतो, एवढे अधिक लक्षात ठेवावे.

आये’र पागे’ ला कुए’न्ता — काल मी हिशेब चुकता केला.
आ’न्तेस पागा’बा का’दा मेस — पूर्वी मी दर महिन्याला फेडीत असे.

“मेस” म्हणजे महिना. संस्कृत “मास” शी त्याचे नाते वेगळे सांगावयास नकोच.

रोमन लिपीत “पागे’” लिहिताना “ग” च्या अक्षरानंतर “उ” चे अक्षर घालतात, पण ते उच्चारीत नाहीत. ते न घातल्यास “ग” चा उच्चार “ख” सारखा घर्षक होईल, एवढ्यासाठीच ही व्यवस्था आहे. कानाला मात्र क्रियापद पूर्णपणे नियमित आहे.

कर्ता की कर्म?

साम्य दाखविताना भेद लपविणे योग्य नव्हे. मराठी विद्यार्थ्याची खरी कसोटी भूतकाळातील प्रयोगात लागते. मराठीत “त्याने कर्ज फेडले”, “त्याने देणी फेडली”, “तिने हप्ता फेडला” असे आपण म्हणतो. येथे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. हा कर्मणी प्रयोग होय. स्पॅनिशमध्ये साध्या भूतकाळातही क्रियापद कर्त्यालाच बांधलेले असते. फेडणारा एक असेल तर “पागो’”, अनेक असतील तर “पागा’रोन”. मग कर्ज एक असो की शंभर देणी असोत. थोडक्यात, भूतकाळात मराठी क्रियापद काय फेडले याकडे पाहते आणि स्पॅनिश क्रियापद कोणी फेडले याकडे पाहते. हा एक नियम मनात पक्का बसला म्हणजे मराठी भाषकांच्या हातून होणाऱ्या कितीतरी चुका टळतील.

लिंगाच्या बाबतीत स्पॅनिश मराठीपेक्षा सोपी आहे. “फेडतो” आणि “फेडते” असा भेद तेथील काळदर्शक रूपांत नाही. “पा’गा” हे रूप पुरुषाला आणि स्त्रीला सारखेच. कोल्हापूर परिसरातील वाचकांना याचे नवल वाटू नये. या भागातील मुली आणि स्त्रिया “मी आलो”, “मी जातो” असे सहज म्हणतात. पुण्यामुंबईची मंडळी त्याची थट्टा करतात. परंतु प्रथम पुरुषात बोलणारी व्यक्ती समोरच उभी असल्याने तिचे लिंग क्रियापदाने सांगण्याची गरज नाही, अशीही या लकबीची उपपत्ती लावता येईल. जगातील कितीतरी प्रतिष्ठित भाषा नेमके हेच करतात. त्याचप्रमाणे “जेवलासा का?”, “कधी आलासा?” या रूपांतून कोल्हापुरी बोली क्रियापदाच्या अंगावरच आदर चढविते. बोली म्हणजे अशुद्ध भाषा नव्हे. तिलाही प्रत्ययांची स्वतःची शिस्त असते, हे परकी भाषा शिकताना अधिक स्पष्टपणे उमगते.

भविष्यकाळ : वचन देणारे क्रियापद

भविष्यकाळात “आर” काढावयाचा नाही. संपूर्ण “पागार” तसाच ठेवून पुढे प्रत्यय जोडावयाचे:

पागारे’, पागारा’स, पागारा’, पागारे’मोस, पागारे’इस, पागारा’न

म्हणजे “मी फेडीन, तू फेडशील, तो फेडील” इत्यादी. मराठीतील ईलाख्याताचे हे काम होय. यातील पहिल्या रूपाची गोष्ट मनोरंजक आहे. कर्ज घेताना लिहून द्यावयाच्या वचनचिठ्ठीला स्पॅनिशमध्ये “पागारे’” असेच म्हणतात. “मी फेडीन” हे क्रियापदच दस्तऐवजाचे नाव होऊन बसले. आपल्या चलनी नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीने धारकास रक्कम देण्याचे जे वचन छापलेले असते, त्यातील क्रियापदही भविष्याकडेच बोट दाखविते. आपण पोर्तुगिजांकडून क्रियापद घेऊन त्याचे नाम केले, तसे स्पॅनिश लोकांनीही आपल्या क्रियापदाचे नाम केले. एकाचा अर्थ हाती आलेली रक्कम, तर दुसऱ्याचा अर्थ पुढे द्यावयाची रक्कम!

बोलताना याहून सोपी रचनाही वापरतात. “बोय आ पागा’र” म्हणजे “मी फेडणार आहे”. येथे आपला “पगार” शब्द जवळजवळ जसाच्या तसा ऐकू येतो.

याच पूर्ण क्रियापदाला “ई’आ” जोडून संकेताचे रूप होते: पागारी’आ, पागारी’आस, पागारी’आ, पागारी’आमोस, पागारी’आइस, पागारी’आन. “पैसे असते तर मी फेडले असते” किंवा “जमले तर मी फेडीन हो” अशा अटीच्या बोलण्यात त्याचा उपयोग होतो. “फेडले असते” असा होऊन गेलेल्या गोष्टीचा अर्थ स्पष्ट करावयाचा झाल्यास पुढे सांगितलेली संयुक्त रचना वापरावी लागते.

चार अर्थ

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ शिकविले जातात. परीक्षेत दोन गुण मिळविण्यापुरतेच हे प्रकरण आहे, अशी अनेकांची समजूत असते. स्पॅनिश शिकू लागताच त्याची खरी किंमत कळते. आतापर्यंत पाहिलेले तिन्ही काळ स्वार्थात मोडतात. आता आज्ञार्थ पाहू.

पा’गा — तू फेड
पा’गे (उस्ते’द) — आपण फेडावे
पागे’मोस — आपण सारे फेडू या
पागा’द — तुम्ही फेडा
पा’गेन (उस्ते’देस) — आपण सर्वांनी फेडावे

नकारात मात्र रूप बदलते. “पा’गा” च्या आधी नुसता “नो” लावून चालत नाही. “नो पा’गेस” असे म्हणावे लागते. मराठीतही “फेड” चा निषेध “न फेड” असा होत नाही, “फेडू नकोस” असा होतो. आज्ञा आणि मनाई यांची रूपे वेगळी असतात, हे आपल्याला नवे नाही.

विध्यर्थासाठी स्पॅनिशने फार सोपी युक्ती योजिली आहे. “आर” वर्गातील क्रियापदांत प्रत्ययाच्या “आ” च्या जागी “ए” आणावयाचा:

पा’गे, पा’गेस, पा’गे, पागे’मोस, पागे’इस, पा’गेन

किए’रो के पा’गेस — तू फेडावेस, अशी माझी इच्छा आहे.

“पा’गेस” आणि “फेडावेस” ही रूपे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हींत इच्छा आहे आणि दोन्हींच्या शेवटी द्वितीय पुरुषाचा “स” आहे. आपले वाख्यात येथे स्पॅनिश विध्यर्थाचे काम तंतोतंत बजावते. प्रत्येक ठिकाणी असा मेळ बसेल असे मात्र नाही. “तो फेडील अशी आशा आहे” या वाक्यात मराठी भविष्यकाळ वापरते, तर स्पॅनिश “एस्पे’रो के पा’गे” असा विध्यर्थच वापरते. इच्छा, शंका, विनंती, आशा यांपैकी काहीही मनात असले आणि पुढचे वाक्य दुसऱ्याच्या क्रियेविषयी असले की, स्पॅनिश माणूस विध्यर्थाकडे वळतो. “ओखाला’ पा’गे” म्हणजे “देव करो आणि तो फेडो”. यातील “ओखाला’” हा शब्द अरबीतून आलेला असून त्यात “ईश्वरेच्छा असेल तर” हा भाव आहे. अरबांनी स्पेनच्या भूमीवर काही शतके राज्य केले, त्याची ही भाषिक खूण.

जे घडलेले नाही, पण घडते तर काय झाले असते, अशा कल्पनेसाठी विध्यर्थाचा भूतकाळ वापरतात:

पागा’रा, पागा’रास, पागा’रा, पागा’रामोस, पागा’राइस, पागा’रान

सि पागा’रास ओय, नो देबेरी’आस ना’दा मान्या’ना — आज फेडलेस तर उद्या काही देणे लागणार नाहीस.

येथे आघात सांभाळावा. “पागारा’स” म्हणजे “तू फेडशील”. “पागा’रास” म्हणजे “तू फेडलेस तर”. पहिल्यात आश्वासन आहे आणि दुसऱ्यात केवळ कल्पना. सावकार आणि ऋणको यांच्यामधील सारे नाट्य एका आघातावर तोललेले आहे.

संयुक्त रूपे थोडक्यात सांगता येतील. “पागा’दो” म्हणजे फेडलेले. “पागा’न्दो” म्हणजे फेडीत. “ए पागा’दो” म्हणजे “मी फेडले आहे”, “एस्तो’य पागा’न्दो” म्हणजे “मी फेडीत आहे” आणि “आब्री’आ पागा’दो” म्हणजे “मी फेडले असते”. मराठीत “आहे” हे साहाय्यक क्रियापद जे करते, तेच तेथे अन्य दोन साहाय्यक क्रियापदे करतात.

उलट्या दिशेने घातलेला पूल

दोन दूरच्या भाषांतील क्रियापदे अशी समोरासमोर ठेवण्याचा उद्योग आपल्या प्रदेशाला नवा नाही. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांनी कोकणी भाषेचे व्याकरण पोर्तुगीजमधून लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली ते गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्यांचेच ख्रिस्तपुराण मराठी ओवीत असून ते १६१६ साली प्रसिद्ध झाले. पुढे १७७८ साली रोम येथे पोर्तुगीज भाषेत एक मराठी व्याकरण छापले गेले. निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी भाषा, असे त्याच्या मुखपृष्ठावर मराठीचे वर्णन आहे. १६५९ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी पन्हाळा आणि विशाळगड घेतला, तोवर मलकापूरचा हा मुलूख आदिलशाहीतच होता. म्हणजे या परिसरात बोलले जाणारे क्रियापद परक्यांनी आपल्या व्याकरणाच्या चौकटीत बसवून अभ्यासले.

मराठी माणसाने मराठीसाठी लिहिलेले व्याकरण त्यानंतर उभे राहिले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचा शास्त्रीय मराठी व्याकरण हा बृहद्ग्रंथ १९११ साली आला. स्पॅनिशचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. आंतोनियो दे नेब्रिखा यांनी १४९२ साली तिचे पहिले व्याकरण लिहिले. १८४७ साली व्हेनेझुएलात जन्मलेल्या आणि चिलीत स्थायिक झालेल्या आंद्रेस बेल्यो यांनी लॅटिनचा साचा बाजूला सारून अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांसाठी नवे व्याकरण रचले आणि काळांना स्वतःची नावे दिली. दादोबा आणि बेल्यो हे समकालीन. आपल्या भाषेकडे आपल्या डोळ्यांनी पाहावे, ही दोघांचीही तळमळ होती.

पोर्तुगीज धर्मोपदेशकांनी आपल्या व्याकरणाच्या आधारे मराठी गाठली. मराठी विद्यार्थ्याने आपल्या व्याकरणाच्या आधारे स्पॅनिश का गाठू नये?

स्वाध्याय

पुढील वाक्ये प्रथम स्वतः स्पॅनिशमध्ये करावीत आणि मग उत्तरे पाहावीत.

१. आम्ही दरमहा फेडतो.
२. काल तिने फेडले.
३. पूर्वी ते दरमहा फेडीत असत.
४. मी उद्या फेडीन.
५. तू फेडू नकोस.
६. आपण (आदरार्थी) फेडावे, अशी माझी इच्छा आहे.

उत्तरे: (१) पागा’मोस का’दा मेस. (२) आये’र पागो’ ए’य्या. (३) आ’न्तेस पागा’बान का’दा मेस. (४) पागारे’ मान्या’ना. (५) नो पा’गेस. (६) किए’रो के उस्ते’द पा’गे.

हे जमले म्हणजे “आब्लार” (बोलणे), “त्राबाखार” (काम करणे), “कोम्प्रार” (विकत घेणे) आणि “आयुदार” (मदत करणे) ही क्रियापदे याच प्रत्ययांनी चालवून पाहावीत. एका क्रियापदाबरोबर शेकडो क्रियापदे हाती येतात, हा नियमित क्रियापदाचा मोठाच लाभ होय. असणे, जाणे, येणे यांसारखी रोजच्या वापरातील काही क्रियापदे नियम मोडतात, ती स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. मराठीत “जाणे” चे “गेला” आणि “करणे” चे “केले” होते, तसाच तो प्रकार.

पुढील अभ्यासासाठी स्पेन सरकारने १९९१ साली स्थापन केलेल्या इन्स्तितुतो सेरवांतेस या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे. या संस्थेमार्फत घेतल्या जाणाऱ्या परीक्षा प्राथमिक पातळीपासून प्रभुत्वापर्यंत सहा पायऱ्यांच्या आहेत. इच्छुकांनी त्यांची माहिती अवश्य घ्यावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या गौरवाचा आनंद मानताना त्याचा उपयोगही करून घ्यावयास हवा. अभिजात भाषेचे व्याकरण ग्रंथालयाच्या कपाटात ठेवण्याची शोभेची वस्तू नसून जगातील इतर भाषांची कुलुपे उघडणारी किल्ली आहे. मराठी माध्यमात शिकल्यामुळे आपण मागे राहिलो, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या शालेय व्याकरणाचे पुस्तक पुन्हा एकदा उघडावे. लाख्यात, वाख्यात आणि चार अर्थ या प्रकरणांत त्याला स्पॅनिशच्या पहिल्या वर्षाची बरीचशी तयारी आधीच झालेली आढळेल.